पेकिंगची मंजुरी

माझ्या बाबांनी कॉलेजात आयुष्यभर इतिहास शिकवला, पण घरीदारी त्यांनी एकच तुणतुणं वाजवलं: पूर्वी चीनमधल्या प्रांतांच्या सरकारांना परदेशी बँका कर्ज द्यायच्या, तेव्हा चालणारी वकिलातींची ओढाताण. गव्हर्नरला रेल्वे हवी असे, बँक पैसे घेऊन दारात उभी असे, पण पेकिंगच्या, म्हणजे राजधानीतल्या केंद्र सरकारच्या, मंजुरीशिवाय परदेशी राजदूत त्या करारावर विसंबायला तयार नसत. आणि पेकिंग लवकर हो म्हणत नसे.

कोल्हापूरच्या घरी हा खेळ जेवणाच्या टेबलावर चाले. मी गव्हर्नर, बाबा राजदूत, आई पेकिंग. मला सायकल हवी झाली की बाबा बँकेतर्फे लगेच तयार. आई मात्र "मला कुणी विचारलं होतं का?" म्हणून फुगून बसायची. आमटी गार होईपर्यंत वाटाघाटी चालायच्या. मग ती आमटीचा डाव टेबलावर आपटून "मंजूर" म्हणायची, आणि त्यानंतरच बाबा पहिला घास घ्यायचे.

आई गेल्यावर मी बाबांना ओमानमध्ये, सोहारला आणलं. मी इथल्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तोंडात दिवसभर अरबी शब्द: यल्ला, म्हणजे चला, नाहीतर खलास, म्हणजे संपलं. बाबांची स्मृती तोवर विरायला लागली होती. आई कुठाय, असं ते विचारत, मी सांगे, आणि दरवेळी ते नव्याने कोसळत. डॉक्टर म्हणाले, आता सांगत बसू नका. त्यांचं बोलायला काय जातंय!

मागच्या शुक्रवारी जवळच्या खाबुऱ्याच्या बाजारातली सुरमई तळली होती. बाबा आदल्या दुपारपासून जेवले नव्हते. ताटावर बसले आणि एकदम खुलले. प्रांताला काय हवंय, त्यांनी विचारलं. मी रेल्वे मागितली. मिठाचा कर तारण ठेवून घेत त्यांनी बँकेचा होकार कळवला, आणि मग हात मांडीवर ठेवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले. जेवा म्हटलं तर म्हणाले, पेकिंगचं उत्तर यायचंय.

सुरमई गार झाली. मला राग येत होता, त्यांचा नव्हे, आईचा. असं सगळं अर्ध्यावर टाकून कुणी जातं का? शेवटी मी उठून आत गेले, डाव ओट्यावर आपटला आणि तिथूनच म्हणाले, "मंजूर. खलास. जेवा आता."

बाहेरून ताटाचा आवाज आला नाही. मी दारात आले तेव्हा ते माझ्याकडेच बघत होते.

"पेकिंग इतक्या लवकर मंजुरी देत नाही," ते म्हणाले. मग अगदी हळू, "तुझी आई गेली ना गं?"

मी हो म्हटलं. ही बातमी मी त्यांना कितीदा तरी दिली होती. या वेळी ती त्यांची त्यांनाच कळली.