बाबीनने न दिलेला शब्द

बाबीनशी ठरलेलं लग्न मोडून फेहीनने मॉरेडला घरात आणलं, आणि त्याच आठवड्यात चर्चच्या दारात सर्वांदेखत हसून म्हणाला, "बाबीन वोख्त!" म्हणजे बिचारी बाबीन. त्या दिवसापासून आयर्लंडमधल्या कॉनेमाराच्या त्या गावात तिचं नावच ते पडलं. मूळ शब्द बोख्त. आयरिश भाषेत विशेषण नावामागून येतं, आणि नाव बाईचं असलं की 'बो'चा 'वो' होतो. फार पूर्वी त्याचा अर्थ 'मोडलेला' असा होता, हे शाळामास्तरांनी सांगितलं तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पुढे तिने सात गाई पाळल्या, घरावर नवं छप्पर घातलं, तरी चाळीस वर्षं ती वोख्तच राहिली.

फेहीन वारला, तेव्हा ती त्याच्या घरी गेली. मेलेल्याचं नाव बोख्त जोडल्याशिवाय गावात कोणी घेत नाही. प्रत्येकजण शवाच्या हाताला हात लावून "फेहीन बोख्त" म्हणत होता.

बाबीनची पाळी आली.

"फेहीन," ती म्हणाली आणि थांबली.

"अगं, पुढचं म्हण ना," मॉरेड कुजबुजली. "सगळे बघताहेत."

"तो शब्द त्याने मला दिलाय, मॉरेड. मिळालेली वस्तू मी परत करत नाही."

मग चहाचा कप घेऊन ती शवासमोरच्या खुर्चीत बसली, आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत उठली नाही.