संपावरचा फिटर आणि मंडळाचं मशीन

कुठल्याही फॉर्मवर व्यवसायाचा रकाना आला की फिटरमामा दुसऱ्या कोणाला पेन धरू देत नसत. तिथे ते स्वतः लिहीत: गिरणी कामगार, संपावर. रेशनकार्डाच्या अर्जावर असंच लिहिलं, बँकेत असंच लिहिलं. जनगणनेसाठी एक शिक्षिका आली, तिलाही असंच सांगितलं. तोवर संपाला वीसएक वर्षं होत आली होती. संप कधीच मिटला, असं तिने समजावून पाहिलं. मामांनी तिला खुर्ची दिली, मामींना चहा ठेवायला सांगितला आणि शांतपणे म्हणाले, "बाई, संप मागे घेतल्याचा माका अजून कोणी कळवूक नाय. कागद असला तर दाखवा."

तिच्याकडे कागद नव्हता. संप मागे घेतल्याचं कोणी कधी जाहीरच केलं नव्हतं; तसा कागद कोणाकडेच नव्हता, हे मामांना चांगलं माहीत होतं.

आमची चाळ लालबागची. मामांची खोली पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून. नाव दत्ताराम, गाव मालवणजवळ. पण चाळीत त्यांना सगळे फिटरमामाच म्हणत. गिरणीत ते साचेखात्यात फिटर होते. कापड विणायच्या मागांना गिरणीत साचे म्हणत. ते बंद पडले की चालू करायचे, हे त्यांचं काम. संप लागला आणि मामींनी त्याच खोलीत खानावळ चालू केली. मामांनी जिन्याखाली टेबल मांडलं आणि मिक्सर, इस्त्र्या, पंखे दुरुस्त करायला घेतले. मधे गिरणी अर्धीमुर्धी सुरू झाली तेव्हा मुकादमाचा निरोप आला होता. गेले नाहीत. पुढे गिरणी कायमची बंद झाली आणि साचे भंगारात विकायला ट्रकमध्ये भरून न्यायला लागले, तेव्हा मात्र ते रोज फाटकासमोर जाऊन उभे राहायचे. कोणता साचा चालला आहे हे त्यांना लांबून ओळखता यायचं. परत आले की मामींना गेलेल्या साच्यांचे तेवढे नंबर सांगायचे आणि जेवायला बसायचे.

तेव्हापासून त्यांच्या टेबलासमोर 'भंगार' हा शब्द उच्चारायची सोय राहिली नाही. मागच्या गल्लीतला एक गृहस्थ मिक्सर घेऊन आला आणि सहज बोलून गेला, की भंगारातच टाकणार होतो, बघा काही होतंय का. मामांनी मिक्सर त्याच्या हातात परत दिला. तो जिन्यापर्यंत गेला, तिथे थांबला, मागे आला आणि म्हणाला, "दुरुस्तीला आणलाय." मग मामांनी मिक्सर घेतला.

दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूला ते सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधत. त्यावर काय बिघडलं होतं, काय केलं, खाली सही आणि गिरणीतला हजेरीचा तिकीट नंबर. साच्यांना अशी पाटी असायची म्हणे. घरोघरच्या मिक्सरांना हे पुठ्ठे लोंबत असत. तेलकट झाले तरी कोणी कापून टाकत नसे.

मंडळाच्या कॉम्प्युटरची गोष्ट याच पुठ्ठ्यावर संपते.

तळमजल्यावर मंडळाची खोली होती. तिथे कॅरम, गणपतीचे जुने फोटो आणि एक कॉम्प्युटर. तो घेतला होता वर्गणीच्या पावत्यांसाठी. प्रत्यक्षात कामावरून आलेली पोरं त्यावर संध्याकाळी गेम खेळत. पोरं म्हणजे पंचविशी-तिशीची, कुरियरात, दुकानात, बँकेच्या वसुलीत कामाला असलेली. सहा-सात वर्षांत मशीन मागे पडलं. त्या वर्षी आलेला नवा गेम लावला की चित्र दर दोन सेकंदांनी थिजायचं. मंडळाचा सेक्रेटरी नंदू, स्वतः पट्टीचा खेळाडू, म्हणायचा की आपण मरतो आणि मेल्याचं आपल्याला नंतर दिसतं.

गिरणीच्या जागेवर तेव्हा टॉवर चढत होता. त्याच बिल्डरला आमची चाळही हवी होती. त्याचा माणूस अधूनमधून यायचा. इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड, स्वतः शिवडीच्या चाळीत वाढलेला. त्याने मंडळाच्या खोलीत हे थिजलेलं चित्र पाहिलं आणि सांगून टाकलं, की दसऱ्याला नवाकोरा गेमिंगचा कॉम्प्युटर आणतो, साहेबांकडून भेट. शेजारच्या चाळीला त्याने अशीच पाण्याची टाकी दिली होती. तीन महिन्यांनी संमतीचे कागद आले. किती फुटांची खोली मिळणार ते त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि टाकीचं पाणी पिऊन बसलेल्या लोकांना विचारायची लाज वाटली. सगळ्यांनी सह्या केल्या.

मंडळाच्या बैठकीत मामा कधी यायचे नाहीत. त्या रविवारी भेटीचा विषय होता म्हणून आले आणि दारातच उभे राहिले. नंदू म्हणाला, "मामा, एक कॉम्प्युटर घेतल्याने चाळ जात नाही."

"टाकी घेताना शेजारचेही असंच म्हणाले. ह्या मशीनला काय झालंय?"

कोणीतरी सांगितलं की काही झालेलं नाही, प्रोसेसर कमी पडतो.

"म्हणजे मोटर लहान पडते," मामा म्हणाले. "मग मोटर बदलू. साचा कशाला बदलायचा?"

पोरं हसली. पण मामांनी दसऱ्यापर्यंतची मुदत मागून घेतली. मशीन चाललं नाही तर भेट खुशाल घ्या, मी आडवा येणार नाही, असं ते सगळ्यांसमोर बोलले. मामा शब्द मागे घेणारे नव्हते, हे चाळीला माहीत होतं. म्हणून ही मुदत वाटत होती तितकी हलकी नव्हती.

आठवडाभर ते जिन्याखाली भिंग घेऊन त्या डब्यासमोर बसले. मदरबोर्डावरचा नंबर पुठ्ठ्यावर उतरवला आणि नंदूला घेऊन लॅमिंग्टन रोडला गेले. दुकानदाराने जुना बोर्ड ऐकताच नव्याची किंमत सांगितली. मामांनी तीन प्रश्न विचारले, असं नंदू नंतर सांगत असे: या बोर्डावर बसेल असा सगळ्यात मोठा प्रोसेसर कोणता, तो किती वीज ओढतो, आणि किती तापतो. दुकानदाराने पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. एका ऑफिसातून आलेल्या मशीनमधला, दोन पिढ्या पुढचा पण त्याच सॉकेटचा, म्हणजे त्याच खोबणीत बसणारा प्रोसेसर त्याने काढून दिला. एक सूचनाही दिली. नवा प्रोसेसर ओळखता यावा म्हणून जुना तसाच ठेवून आधी बोर्डाचा बायोस, म्हणजे त्यातला मूळ प्रोग्रॅम, बदलून घ्यायचा, आणि तो बदलत असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा संपला.

आमच्या चाळीत ही सूचना साधी नव्हती. दोन घरांत एकाच वेळी इस्त्री लागली तरी जिन्याखालचा फ्यूज उडायचा. मामांनी शनिवारी सकाळी मजल्या-मजल्यावर फिरून सांगितलं की दहा ते सव्वादहा कोणी इस्त्री, मिक्सर, गिझर लावायचा नाही. दहाला नंदूने काम सुरू केलं आणि मामा मीटरच्या पेटीसमोर स्टूल टाकून पहाऱ्याला बसले. दुसऱ्या मजल्यावरच्या कुसुमताई कठड्यावरून वाकून विचारायला लागल्या की माझं वाटण अर्धं राहिलंय, त्याचं काय.

"पाट्यावर वाट."

"पाटा तुम्हीच काढून टाकायला लावलात हो, मिक्सर दुरुस्त करून दिलात तेव्हा."

"मग आज आमटी पातळ कर. पण बटणाला हात लावशील तर मी वर येईन."

कुसुमताईंनी हात लावला नाही. सव्वादहाला नंदूने खालून हात वर केला आणि सगळ्या मजल्यांवर एकदम मिक्सर सुरू झाले.

प्रोसेसर बसवायचं काम मामांनी कोणाला करू दिलं नाही. नवरात्राची अष्टमी होती. धोतराचं जुनं फडकं पसरून त्यावर प्रत्येक स्क्रू ज्या जागेवरून काढला त्याच मांडणीत ठेवला. सॉकेटची दांडी उचलली, जुना प्रोसेसर काढला, नवा खाचेला खाच लावून अलगद सोडला. त्यावर दुकानदाराने दिलेली पांढरी पेस्ट लावली. वरचा पंखा बसवताना स्क्रू समोरासमोर, थोडे थोडे आवळत गेले. साच्याचं झाकण असंच बसवतात, एका बाजूने पिळलं तर वाकतं. नंदूने इंटरनेटवर पाहिलेल्या पद्धतीतही तेच होतं. मशीन सुरू झालं, नवा प्रोसेसर ओळखला गेला. गेम लावला आणि चित्र पाण्यासारखं वाहायला लागलं. पोरांनी मामांना उचलायचंच बाकी ठेवलं होतं.

दहा मिनिटांनी मशीन आपोआप बंद झालं. पुन्हा लावलं, पाच मिनिटांत पुन्हा बंद. डब्याला हात लावला तर चटका बसत होता. नंदूने प्लग काढून ठेवला. मामा उठले, हत्यारं गोळा केली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. गिरणीत त्या दिवशी साच्यांना हार घालत, हत्यारांची पूजा करत आणि दिवसभर हत्यार उचलत नसत. मामांनी पाने, पकड, स्क्रूड्रायव्हर पाटावर मांडून त्यांना कुंकू लावलं. मग मंडळाच्या खोलीत येऊन कॉम्प्युटरच्या डब्यालाही लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि समोर बाकावर बसून राहिले. नंदूचा धीर सुटला. उद्या तो माणूस येतोय, आजचाच दिवस आहे, असं त्याने दोनदा सांगितलं.

"आज हत्याराला हात नाही," मामा म्हणाले. "संपात गिरणीला टाळं होतं, तेव्हा घरात पाटावर पूजा केली. तेव्हा मोडलं नाही ते तुझ्या गेमसाठी मोडू?"

ते जेवायला गेले नाहीत. मामींनी डबा खाली पाठवला. दिवसभर हात मांडीवर ठेवून मामा त्या डब्याकडे बघत होते. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला त्यांनी नंदूला विचारलं की प्रोसेसर आणि पंख्याच्या मधे लावायची ती पांढरी पेस्ट कशासाठी असते. नंदू म्हणाला, प्रोसेसरची उष्णता पंख्याखालच्या धातूत जावी म्हणून. दोघांमधली बारीक फट बुजवायला.

मामा उठून डब्याजवळ गेले. मग म्हणाले, "मी ग्रीस समजलंय रे तिका."

गिरणीत बेअरिंगला ग्रीस दाबून भरत; कमी पडलं तर फिटरला बोलणी बसत. मामांनी पेस्टची सबंध नळी आत पिळली होती. उष्णता बाहेर काढायला लावलेली पेस्ट गोधडीसारखी प्रोसेसरवर बसली होती. त्यांच्याकडून बिघडलेलं काम मी ते एकच पाहिलं, आणि ते तीस वर्षांच्या चांगल्या सवयीने बिघडलं होतं.

दसऱ्याला सकाळी सातला त्यांनी डबा उघडला. जुनी पेस्ट स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढली. नंदूने आणलेल्या नव्या नळीतून तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट मधोमध ठेवली, पंखा तसाच समोरासमोर आवळून बसवला. आठला गेम सुरू झाला.

बिल्डरचा माणूस अकराला आला. मागे एक हमाल, त्याच्या डोक्यावर मोठं खोकं. मंडळाच्या खोलीत चौघे जण पडद्याला डोळे लावून ओरडत होते. तीन तास मशीन बंद झालेलं नव्हतं. मामा बाकावर होते. दर थोड्या वेळाने डब्यावर उलटा हात ठेवून बघत होते. माणसाने हमालाला खोकं खाली ठेवू दिलं, पाचदहा मिनिटं पडद्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाला, "काका, कितीही केलं तरी जुनं ते जुनंच."

"चाळ पण जुनीच आहे," मामा म्हणाले. "ती कशी चालते तुमच्या साहेबांना?"

नंदूने गेम थांबवला नाही, पण मान वळवली. मामांनी आवाज चढवला नाही. सह्या करायला आमची ना नाही, ते म्हणाले; आधी कागद आणा, मराठीत, आणि खोली किती फुटांची ते आकड्यात लिहा, अक्षरातही लिहा. मग हमालाकडे वळून, "बाबा, थोडं पाणी पी. परत वरती उचलायचं आहे तुला."

माणसाने नंदूकडे पाहिलं. सेक्रेटरी तो होता. हो म्हणायचा अधिकार त्याचा होता. नंदू म्हणाला, "आमचं चालू आहे, साहेब." खोकं जसं आलं तसं गेलं.

फुटांचा आकडा असलेला कागद यायला दोन वर्षं लागली. शेजारच्या चाळीला मिळाल्या त्यापेक्षा आमच्या खोल्या मोठ्या ठरल्या. चाळ रिकामी झाली आणि आम्हाला शीवच्या संक्रमण शिबिरात पाठवलं. मंडळाचं मशीनही तिकडे आलं. नवीन घराची किल्ली हातात पडायच्या आधीच, त्या शिबिरातल्या खोलीत मामा गेले. आजार फार दिवसांचा नव्हता.

स्मशानात नोंदणीच्या खिडकीवर नंदू आणि मी होतो. क्लार्कने नाव, वय, पत्ता विचारला. व्यवसायाच्या रकान्यात न विचारताच 'निवृत्त' लिहायला घेतलं. नंदूने खिडकीतून हात घालून फॉर्मवर ठेवला.

"गिरणी कामगार लिहा. पुढे, संपावर."

क्लार्क पन्नाशीचा होता. त्याने चष्मा वर केला. संप कधीचा, असं विचारलं. नंदूने सांगितलं. तो म्हणाला की तो संप तर कधीच संपला, अशी नोंद मी कशी करू?

"मागे घेतल्याचं आम्हाला कोणी कळवलं नाही," नंदू म्हणाला. "कागद असेल तर दाखवा."

मागे रांग होती. क्लार्कने आमच्याकडे पाहिलं, मग रकान्याकडे, आणि सांगितलं तसं लिहिलं.

मशीन त्यानंतरही काही वर्षं चाललं. त्याच्या पाठीमागे सुतळीने पुठ्ठा बांधलेला होता: मोटर लहान, मोठी बसवली. पेस्ट जास्त झाली, चूक माझी. चालू. खाली सही, आणि तिकीट नंबर.