नवी पेठेत हाकलेली जीप

मी आज जो काही आहे तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे, अक्कामुळे. आई-वडील लवकर गेले. नातेपुत्याजवळच्या वाडीत अक्काने मेंढरं राखली आणि मला शाळेत घातलं, पुढे कॉलेजात; सुट्टीत मीही तिच्याबरोबर मेंढरांमागे असायचो. आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिलाच. सोलापूरला पोलीस शिपाई झालो आणि पदवीच्या घमेंडीत मोटार विभागात चालक होण्यासाठी अर्ज केला. तोवर मला सायकलही बेताचीच येत होती.

चालक झालं की पोलीस लाइनीत खोली मिळायची. तसं मी अक्काला कळवलं. तिचा लगेच निरोप आला, की पुढच्या बाजारी सगळी मेंढरं विकते आणि तुझ्याकडे राहायला येते. आता पास होणं भागच होतं.

शिकवायला एक हवालदार होते, त्यांना सगळे उस्ताद म्हणत. क्लच, गिअर, ब्रेक यांची कार्यं मी परीक्षेच्या उत्तरांसारखी पाठ केली होती. जीप मात्र उत्तरं ऐकून घेत नसे. मैदानात मांडलेली रिकामी पिंपं मी इतक्यांदा आडवी केली, की ती उभी करायचं काम उस्तादांनी माझ्याकडेच दिलं. "बी.ए., ब्रेक हाय त्यो, पुस्तक न्हाय. दाब की," असं ते म्हणत, आणि बी.ए. हेच माझं नाव पडलं.

परीक्षा अशी होती. नवी पेठेत मारामारी झाली आहे असं समजायचं, मागे चार शिपाई बसवायचे आणि भोंगा वाजवत वेळेत पोचायचं. शेजारी परीक्षक म्हणून फौजदार साहेब.

मोकळ्या रस्त्यावर मी बरा चाललो. पेठेच्या तोंडाशी गर्दी लागली. भोंगा ऐकून बायका, हातगाडीवाले, सायकलवाले दचकून इकडेतिकडे पळू लागले. ते पाहताच मी भोंगा बंद केला. मेंढरं बुजली की आवाज थांबवायचा, मागे राहायचं आणि हळूहळू पुढे सारायचं, हे अंगात इतकं मुरलेलं, की मी पहिला गिअर टाकला आणि लोकांच्या मागून माणसाच्या चालीने निघालो.

लोक काही कळप करून पुढे सरले नाहीत. कोणी लुगड्याचा भाव करत उभं राहिलं. एका म्हातारीने बॉनेटवर पिशवी टेकवून जरा दम खाल्ला.

मागून एक शिपाई शांतपणे म्हणाला, "साहेब, आमी उतरून चालत जावं का? मारामारी मिटायच्या आत पोचू."

चौघेही खरंच उतरले आणि माझ्या आधी पोचले.

जीप थांबल्यावर फौजदारांनी विचारलं, "मेंढरं राखलीत व्हय रं?"

"व्हय साहेब."

"तरीच मघापासनं जिभेनं टकटक लावलीयस."

मी नापास झालो. उस्तादांनी रदबदली केली म्हणून पुढच्या महिन्यात आणखी एक संधी मिळाली, तोवर पहाऱ्यावर. पण नातेपुत्याचा बाजार तोंडावर आला होता. मी बराकीत बसून लगेच लिहिलं:

"ती. अक्कास सा. न.

हे पत्र गुरुजींकडून वाचून घे. मी नापास झालो. आजारी नव्हतो, कोणी अन्यायही केला नाही. मला जीप नीट चालवता आली नाही. गर्दी बुजली म्हणून मी मेंढरांमागे जावं तसा गेलो. तू असतीस तर शाबास म्हणाली असतीस, साहेब म्हणाले नाहीत. पुढच्या महिन्यात पुन्हा परीक्षा आहे. मी झटून तयारी करीन, पण माझ्या भरवशावर एकही मेंढरू विकू नकोस. खोलीची किल्ली हातात आली की मी स्वतः तुला न्यायला येईन. एस्टीनेच येईन.

तुझा भाऊ"