वेल्डिंगची काळी काच

घरामागच्या पत्र्याच्या शेडसाठी मला वेल्डिंग मशीन घ्यायचं होतं. नोकरी बँकेतली, पण सुटीच्या दिवशी लोखंडी स्टँड, पुस्तकांची मांडणी असं काहीबाही करायची हौस. वडिलांचा मात्र ठाम नकार. चितेगावच्या एका कारखान्यात त्यांनी ठेकेदाराच्या हाताखाली जन्मभर वेल्डिंग केलेलं. "त्यातनं तुला बाहेर काढलं, आन् तू परत तिथंच चालला व्हय," एवढंच म्हणायचे. मला संताप यायचा. हौस आणि मजुरी यांतला फरक या माणसाला कळत नाही, असं मी बायकोपाशी धुसफुसायचो.

एका शनिवारी मी उस्मानपुऱ्यातल्या दुकानाकडं निघालो, तर वडीलच चप्पल घालून, सोबत यायला दारात उभे.

दुकानदारानं दोनशे अँपिअरचं मशीन पुढं ठेवलं. व्हिडिओ बघून बघून मलाही तेच हवं होतं. वडिलांनी विचारलं, जोडणार काय? मी म्हणालो, चौकोनी पाइप. मग इतकं मोठं कशाला, घरच्या लाइनीवर ते पुरत्या ताकदीनं चालायचं नाय, असं म्हणून त्यांनी लहान मशीन काढायला लावलं. परक्यासमोर माझं खोडलं म्हणून मी आणखीच धुमसलो.

मशीनसोबत दुकानदार चेहऱ्यापुढं धरायची ढाल फुकट देत होता. तिची काळी काच वडिलांनी डोळ्याला लावून वरच्या ट्यूबलाइटकडं पाहिलं, मग माझ्याकडं दिली. मला ट्यूब दिसली, शेजारचा पंखाही दिसला. चांगल्या काचेतून पंखा दिसता कामा नये, असं ते म्हणाले.

"सब येइच ले जाते, काका," दुकानदार म्हणाला.

वडिलांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "आमालाबी हेच देत होते. लाव तू डोळ्याला, आन् बस दिवसभर ठिणगीपुढं. बस की!"

दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. आम्ही काही न घेता बाहेर पडलो.

रस्त्यात त्यांनी सांगितलं, चौघांत एक ढाल असायची, काचही अशीच फिकी. डोळे सुजले की ठेकेदार म्हणायचा, तुम्हाला सवय आहे. लहानपणी आई त्यांच्या डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवायची, ते मी पाहिलेलं. का ठेवते, हे कधी विचारलं नव्हतं. ठेकेदाराचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा.

छावणी भागातल्या दुसऱ्या दुकानातून तसंच लहान मशीन घेतलं आणि काच वेगळी, पारखून.

आता मी काम करतो तेव्हा वडील शेडबाहेर पाठ करून बसतात. नुसत्या आवाजावरून सांगतात, "रॉड लांब धरला. जवळ घे." मी जवळ घेतो, भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज येतो. जोड नीट बसतो. एवढी कारागिरी अंगात असलेल्या माणसाला डोळे अधू झाल्यानं आज पेपरातली मोठी अक्षरंही वाचता येत नाहीत. तो ठेकेदार कुठं राहतो ते मला ठाऊक आहे. त्याच्या दारात जाऊन काय बोलायचं, ते मात्र अजून सुचत नाही.