रेषेबाहेर वीस मिनिटं

माझा धाकटा भाऊ अकरा वर्षं परदेशात फुटबॉल शिकवतोय. "कुठल्या टीमकडून खेळतो हो तुमचा भाऊ?" असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, "तो खेळत नाही, दुसऱ्यांना पळवतो." माणसं हसायची आणि विषय संपायचा. पण तो सकाळी घराबाहेर पडून नेमकं करतो काय, हे मलाही माहीत नव्हतं.

यंदा भावजयीचं पोटाचं ऑपरेशन झालं म्हणून मी दोन महिने त्याच्या घरी राहायला गेले. तेव्हा ते पाहायला मिळालं.

लहानपणी तो उजव्या बाजूचा बचावपटू होता. पुढे एका कारखान्याच्या टीमकडून खेळला. सव्विसाव्या वर्षी गुडघा गेला आणि खेळ संपला. मग एका शाळेत शिकवायला लागला. टीममधला एक जुना मित्र आधीच परदेशात गेला होता. तो म्हणाला, ये, इथे कोच हवेत. हा गेला. भाषेचा गंध नाही, थंडीचा कोट नाही. पहिल्या दिवशी मैदानात उतरला, पोरांना तोंडाने काही सांगता येईना, म्हणून स्वतःच बॉल घेऊन करून दाखवलं. पोरांनी बघून केलं. झालं काम!

तेव्हापासून तो तसाच शिकवत आला. चार क्लब झाले, पण रीत तीच. भाषा शिकला तीही मैदानावरच. "मागे", "डावीकडे", "सोड", "थांब" आणि शिव्या. पावाच्या दुकानातही तो तसाच बोलतो. मी सोबत होते तेव्हा काचेकडे बोट करून ओरडला, "डावीकडे! मागे! दोन!" दुकानदारणीने बिचारीने निमूट मागे सरकून डावीकडचे दोन पाव काढून दिले. तिला आता सवय झालीय.

मी गेले तेव्हा घरात सगळे हळू आवाजात बोलत होते. मला वाटलं, आजारपणामुळे. भावजयीने दुसऱ्या दिवशी सांगितलं, "ताई, ह्यांची परीक्षा आहे. तिसरी वेळ. इथे आता लायसन्सशिवाय कोच ठेवत नाहीत. यावेळी नापास झाले की क्लबचं काम संपलं, आणि काम संपलं की राहायचा परवानाही संपला. बिऱ्हाड उचलून निघायचं."

"पण लेखी जमत नाही का त्याला?"

"लेखी पोरीने पाठ करून घेतलं, तो पेपर सुटला. अडतं ते मैदानावर. वीस मिनिटं शिकवून दाखवायचं. दोन्ही वेळा तिथेच बोंब."

मला नवल वाटलं. अकरा वर्षं जे काम केलं त्यातच माणूस नापास कसा होतो? संध्याकाळी मी त्याच्याबरोबर सरावाला गेले. कडेच्या बाकावर बसून बघितलं. चाळिशी उलटलेला माणूस, गुडघ्याला पट्टा, आणि पोरांपेक्षा हाच जास्त धावतोय. कुणाचं चुकलं की हा रेषेच्या आत. त्याच्या पायाजवळचा बॉल काढून घेतो, स्वतः करतो, "असं!" म्हणतो, परत देतो. पोरं हुबेहूब तसंच करतात. बॉल थोडा वेगळा आला की पुन्हा चुकतात. पुन्हा हा आत.

घरी येताना विचारलं, "परीक्षकांनी काय लिहिलं होतं रे?"

"लिहिलं, खेळाडूंनी नक्कल केली, शिकले काहीच नाहीत." तो चिडला. "बाहेर उभं राहून हुकूम सोडायचे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. मला नाही जमत."

परीक्षेचा विषय आठवडाभर आधी चिठ्ठी टाकून ठरला. गोलकीपरने दिलेला बॉल बचावपटूने कसा घ्यायचा, एवढाच. घरात तालीम सुरू झाली. स्वयंपाकघर ते बाहेरचं दार, एवढा बोळ म्हणजे मैदान. त्याची मुलगी गोलकीपर, मी बचावपटू, भावजय खुर्चीत बसून घड्याळ लावणारी.

त्याने माझे खांदे धरून मला आडवं उभं केलं. "अशी उभी राहा."

"का?"

"अगं, अशी!" स्वतः उभा राहून दाखवलं.

"ते दिसलं. पण का?"

"असंच उभं राहायचं असतं, ताई!"

"दाखवू नकोस, सांग."

भावजय म्हणाली, "बघा, मी पंधरा वर्षं हेच विचारतेय. प्रत्येक गोष्टीला 'असंच असतं'."

मी घरी शिवणाचा वर्ग चालवते. उलटी बाही जोडणाऱ्या मुली मी बऱ्याच बघितल्यात. मी म्हटलं, "मी मुलीच्या हातातलं कापड घेत नाही. विचारते, बाई, आता हात कुठून घालशील? ती बघते, हसते, आपणच उसवते. तू विचारत का नाहीस?"

"कोचने विचारायचं? पोरं म्हणतील, ह्यालाच येत नाही. आपल्या सरांनी कधी विचारलं होतं आपल्याला?"

"विचारायचे की. 'गाढवा, डोकं आहे का?' हे रोज विचारायचे."

मुलगी खो खो हसली, मग तोही. हसून झाल्यावर त्याने मला पुन्हा सरळ उभं केलं, तोंड मुलीकडे, पाठ दाराकडे. आणि म्हणाला, "ताई, मागचं काय दिसतंय तुला?"

"काहीच नाही."

"मागून कुणी आलं तर?"

मी जरा वळले. एक खांदा पोरीकडे, एक दाराकडे. आता दोन्ही दिसत होतं. म्हटलं, "अरे, हे तर आम्ही रोज करतो! दूध गॅसवर आणि दारात माणूस आला की अशाच उभ्या राहतो."

त्याने मुलीला तिथल्या भाषेत तो एक प्रश्न नीट म्हणायला शिकवायला सांगितलं. दाढी करताना, बूट घालताना, आठवडाभर त्याचं तेच चाललं होतं. शेवटी मुलगी कंटाळून म्हणाली, "बाबा, ओरडून नाही विचारायचं. प्रश्न आहे तो!"

परीक्षेला मैदान परकं, खेळाडूही परके. टेबलाशी तीन परीक्षक, त्यातली मधली एक चष्मेवाली बाई. भावजय पोटाशी उशी धरून बाकावर बसलेली. मी मनात देवाचं नाव घेत होते.

पहिलाच बॉल आला आणि एका उंच पोराने सरळ उभं राहून घेतला, मागून आलेल्याने हिसकावून नेला. भावाचा पाय रेषेवर गेला. भावजयीने माझं मनगट आवळलं. "गेले आत, ताई, गेले!"

तो गेला नाही. पाय मागे घेतला आणि प्रश्न विचारला. आवाज एवढा लहान की पोराला "काय?" म्हणून विचारावं लागलं. मग ते पोरगं हातवारे करत भरभर बोलायला लागलं. आमची मुलगी कानात म्हणाली, "आत्या, तो म्हणतोय की बॉल खूप जोरात आला. बाबांना एवढं कळणार नाही."

त्याला कळलं नव्हतंच. पण त्याने मान हलवली आणि पोराला म्हटलं, तू दाखव. पोराने गोलकीपरला हळू द्यायला सांगितलं, दोन पावलं मागे गेला, मान वळवून बघितलं आणि आपणच आडवा उभा राहिला. दुसऱ्या एकाने भलत्याच बाजूला वळून बॉल घेतला आणि तो मोकळा सुटला! भाऊ तोंड उघडं टाकून बघत राहिला. हे त्याने कधी दाखवलं नव्हतं, कारण त्याला स्वतःलाच ते येत नव्हतं. वीस मिनिटं तो रेषेबाहेर राहिला. एकदा तर हात पाठीमागे घट्ट बांधून उभा होता, जणू कुणी धरून ठेवलंय.

शेवटी चष्मेवाल्या बाईने त्याला जे विचारलं ते त्याने मला नंतर सांगितलं, "तुम्ही एकदाही करून का दाखवलं नाही?"

त्याने प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "दाखवलं असतं तर तुम्ही नापास केलं असतं."

ती बाई हसली की नाही, ते लांबून दिसलं नाही. काहीतरी लिहिलं मात्र.

निकाल बारा दिवसांनी आला. मुलीने वाचला. पास. खाली शेरा, भाषा सुधारावी, खेळाडूंची उत्तरं समजत नाहीत. भावजय रडली आणि लगेच म्हणाली, "माझीही समजत नाहीत म्हणावं, तेही सुधारा."

तो माझ्याजवळ येऊन बसला. "ताई, तुला काय वाटलं?"

मी त्याच्याकडे बघितलं. खोटं बोलवेना. "मला वाटत होतं, नापास व्हावास. घरी आला असतास. मी एकटी असते रे."

तो म्हणाला, "मग मला शिकवलंस कशाला?"

"तुला येत नव्हतं म्हणून," मी म्हटलं.

त्याने डोळे पुसले, गुडघ्याला पट्टा बांधला आणि सरावाला निघाला. दारातून वळून त्याने विचारलं, "येतेस?" मी चपला घातल्या.