आबांची दबलेली शीर

आम्ही बौद्ध झालो त्याला आठ-दहा वर्षं झाली होती. मला सांगलीत शाळेवर नोकरी लागली होती आणि माझे वडील, आबा, साताऱ्याकडच्या आमच्या गावी अजून रस्त्याची खडी फोडत होते. त्यातच त्यांचं उजवं कोपर धरलं. करंगळीपर्यंत कळ जायची, दोन बोटं बधिर, हातातून तांब्या सुटायचा. गावातल्या हाडवैद्याने त्यांना अंगणातच उभं केलं, हात लांबूनच पाहिला आणि तेलाची बाटली पायरीवर ठेवून दिली. मी संतापले आणि आबांना सांगलीला घेऊन आले.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, कोपरात शीर दबली आहे, हयगय केली तर पंजा निकामी होईल. व्यायाम करून घेणारे गृहस्थ पन्नाशीचे, अबोल होते. आबांचा हात मांडीवर घेऊन शेकायचे, हलके चोळायचे, मग एकेक बोट सरळ करत बसायचे. अर्धा अर्धा तास. त्यासाठी दर बुधवारी मी अर्धी रजा टाकायची आणि हेडमास्तरांची बोलणी खायची.

तीन महिने झाले तरी "मुंग्या येतात का?" या प्रश्नावर आबांचं उत्तर ठरलेलं, "व्हय जी, हायतच." आता हा हात कायमचा गेला, असंच मी धरून चालले होते.

एका मंगळवारी आबा धोतर पिळताना दिसले. पिळा असा घट्ट, की थेंब राहिला नाही. मला पाहताच कोपर चोळू लागले. माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांसमोरच मी बोलले, "आबा, खोटं कशाला सांगता? काल धोतर पिळताना मी पाहिलंय." गृहस्थ हसले, हात नीट तपासला, म्हणाले, "छान झालं की. आता यायची गरज नाही."

स्टँडवर बाकावर बसल्यावर आबा हळूच म्हणाले, "रागावू नगं. हात कवाच बरा झालाय. पर त्यो मानूस हात मांडीवर घ्यायचा बघ. आपल्या लोकांबाहेरचं कुनी आजवर माज्या अंगाला हात लावला न्हवता. लय बरं वाटायचं गं."

त्यांचा हात आमच्या दोघांच्या मध्ये बाकावर होता. तो हातात घ्यावा असं फार वाटलं. पण मी शाळेतली बाई, भोवती चार माणसं. मला लाज वाटली, आणि मी तो घेतला नाही.