बोटीच्या वेळेचा दोर

पाटी लावून आबांचं कधी समाधान होत नसे. "पाटी लावली म्हणजे कळवलं, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" हे ते मला ऐकवत, एजंटसाहेबांनाही ऐकवत. रत्नागिरी बंदरावरच्या आगबोटीच्या कचेरीत ते मोठे कारकून, मी त्यांच्या हाताखाली. बोटीची वेळ बदलती असे, म्हणून रोज संध्याकाळी उद्याची वेळ पाटीवर खडूने लिहायची.

इब्राहिम तांडेलांचे डोळे देवीत गेले होते. उभी हयात गलबतावर काढलेला माणूस. वेळ कुणाला विचारावी लागू नये, एवढाच त्यांचा हट्ट. न विचारता बोट चुकली तरी बेहत्तर! मग आबांनी पाटीशेजारी काथ्याचा दोर टांगला. जितके वाजता बोट, तितक्या गाठी. जायचं असो-नसो, तांडेल रोज येऊन दोर चाचपत. "आबा, ही गाठ हाय का गुंता?"

"वेळ वाचा तांडेल, अक्षराला नावं ठेवू नका."

एका वर्षी पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीने तांडेल मुंबईला निघाले होते. मुलगी पहिलटकरीण, आणि ही बोट गेली की थेट नारळी पौर्णिमेपर्यंत बोटी बंद. आदल्या संध्याकाळी आंब्याच्या पेट्या वाहताना गोंदू हमालाच्या तोंडावर दोर येऊ लागला, म्हणून त्याने तो गाठी मारून आखडला. तांडेलांनी त्याही गाठी मोजल्या. आबांच्या गाठींइतक्याच त्या वाईट, शंका येणार कशी? सकाळी ते वळकटी घेऊन आले तेव्हा बोट कधीच गेली होती.

आबा गोंदूवर ओरडले नाहीत. त्याला दोर वाचायला शिकवला. तांडेलांना घेऊन स्वतः सर्व्हिस मोटारीने घाट चढून कोल्हापूरला गेले आणि त्यांना आगगाडीत बसवून परतले. "दर्यावर कधी ओकलो नाय, तुमी डोंगरात ओकवलंत," असं तांडेल पुढे कित्येक वर्षं म्हणत. मला आबांचा फार अभिमान वाटे.

आबा गेले ते एकाएकी, दुपारी जेवता जेवता. आम्ही सगळे त्यांच्या घरी धावलो. संध्याकाळी स्मशानातून परतलो तर एजंटसाहेबांनी पाटी लिहिली होती. दोर तसाच होता.

तेवढ्यात तांडेल आले. त्यांनी दोर वरून खाली चाचपला, पुन्हा चाचपला. गाठी कालच्याच होत्या. दोर न सोडता ते खिडकीकडे वळले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आबांखेरीज आम्हा कुणाला काही विचारलं.

"आबा नाय आले आज?"